फक्त पालापाचोळा जळाला?

वनखात्याच्या दप्तरी वणव्याचा हंगाम दर वर्षी १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. भंडारा जिल्ह्यात या चार महिन्यांत आणखी दोन हंगाम येतात. मार्चमध्ये मोह गळू लागतो आणि एप्रिलच्या अखेरीस तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. हा जंगलाकाठच्या गावकऱ्यांचा हंगाम. त्याच सुमारास शाळांना सुट्या लागतात, पाणवठे आटतात, उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते आणि शहरांतील मोटारी पिटेझरी व कोका येथील प्रवेशद्वारांकडे वळतात. हा पर्यटनाचा हंगाम. तिन्ही हंगाम एकाच रानात, एकाच वेळी, एकमेकांच्या उरावर बसतात. आग लागते ती या गर्दीत. ती विझल्यानंतर जो हिशेब मांडला जातो त्यात मात्र एकाच हंगामाचे नुकसान ठळकपणे दिसते.

सफारीचा रस्ता किती किलोमीटर काळवंडला, लाकडी मचाण जळाले काय, फलक वितळले काय, पाणवठ्यावरील सौरपंपाच्या तारा गेल्या काय, प्रवेशद्वार किती दिवस बंद ठेवावे लागले आणि आगाऊ नोंदणीचे पैसे परत करावे लागले काय, या प्रश्नांची उत्तरे वेळेवर मिळतात, कारण या वस्तू सरकारच्या जडसंग्रह नोंदवहीत किमतीसह लिहिलेल्या असतात. उरलेल्या नुकसानीसाठी एक ठरीव वाक्य आहे : झाडे सुरक्षित आहेत, फक्त पालापाचोळा जळाला. हे वाक्य वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत छापून येते आणि ते वाचून जिल्ह्याचे मुख्यालय निश्चिंत होते. आमच्या मते या एका वाक्यात आपल्या वननीतीचे बरेचसे अर्थशास्त्र सामावलेले आहे, म्हणून त्याची थोडी झडती घेणे आवश्यक आहे.

आधी परिस्थिती. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नागझिऱ्याच्या जंगलाचा मोठा भाग तिकडे गेला. साकोली तालुक्यातील भाग भंडाऱ्याकडे राहिला. १९७० पासून अभयारण्य असलेला नागझिरा, १९७५ चे नवेगाव राष्ट्रीय उद्यान, २०१२ मध्ये जाहीर झालेली नवीन नागझिरा व नवेगाव ही अभयारण्ये आणि २०१३ मध्ये भंडारा तालुक्यात झालेले कोका अभयारण्य, यांचा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. सुमारे साडेसहाशे चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस पवनीकडे २०१२ चे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर जिल्ह्यास जाऊन भिडते. हे सर्व पानगळीचे जंगल. साग, ऐन, तेंदू, मोह आणि त्यांच्याखाली बांबू. फेब्रुवारीपासून या झाडांची पाने उतरू लागतात आणि मार्चअखेर जमिनीवर गुडघाभर नसला तरी घोटाभर वाळलेला थर साचतो. त्यात पडलेली ठिणगी जमिनीलगत पसरते. शेंड्यापर्यंत ती सहसा जात नाही. मोठी झाडे उभी राहतात, हे खरे. अर्धसत्याला बळ येते ते असल्या खऱ्या भागामुळेच.

आता पालापाचोळा म्हणजे काय ते पाहू. तो पुढच्या वर्षीची माती आहे. पहिल्या पावसाचा मारा तो झेलतो आणि पाणी जमिनीत मुरू देतो. तो जळाला की उघड्या पडलेल्या उतारावरून मृगाचे पाणी राख आणि माती घेऊन खाली धावते. भंडाऱ्यात ते खाली कोठे जाते? तळ्यांत. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली, पुढे मालगुजारांच्या नावावर चढलेली आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेली ही तळी आज 'मामा तलाव' म्हणून ओळखली जातात. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. धानाला शेवटचे पाणी याच तळ्यांतून मिळते आणि ढिवरांची मासेमारी याच तळ्यांत चालते. तलावातील गाळ काढण्यासाठी सरकार योजना आखते, यंत्रे लावते, निविदा काढते. वर डोंगरावर पालापाचोळा जळतो तेव्हा त्याच गाळाची पेरणी होत असते. पण डोंगर एका खात्याचा आणि तलाव दुसऱ्या खात्याचा, म्हणून एका खात्याच्या दप्तरातील शून्य नुकसान दुसऱ्या खात्याच्या दप्तरात खर्च म्हणून उमटते, आणि या दोन आकड्यांची भेट कधी होत नाही.

पालापाचोळ्यात रोपे असतात. मोहाच्या मोठ्या झाडाला जमिनीवरच्या आगीने सहसा काही होत नाही. त्याच्या बुडाशी उगवलेले वीतभर रोप मात्र मरते. दर वर्षी मरते. परिणामी मोहाची म्हातारी झाडे आहेत, तरुण झाडे विरळ आहेत आणि बालके जवळपास नाहीत, असे चित्र मध्य भारतातील अनेक जंगलांत दिसते. आजचा मोह वेचणाऱ्या बाईच्या नातीला काय वेचावयास मिळेल, हा प्रश्न कोणत्याही पंचनाम्यात विचारला जात नाही. रानकोंबडी आणि तितर जमिनीवर अंडी घालतात. साळिंदराचे बीळ, कासव, सरडा, नव्या गवताचे ठोंब, गुरांचा चारा, आजूबाजूच्या गावांचे सरपण, हे सारे त्या पाचोळ्यात मोडते.

एवढे सारे 'फक्त' या शब्दात कसे मावते? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास याचे उत्तर परिचित आहे. बाजारात ज्याची किंमत लागत नाही त्याचा नाश झाल्याने राष्ट्रीय उत्पन्नात घट होत नाही. उलट जळालेले मचाण पुन्हा उभारले की उत्पन्नात भरच पडते! विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने खासगी उद्योगाच्या सामाजिक किमतीवरील आपला ग्रंथ १९५० मध्ये लिहिला तो याच विसंगतीवर बोट ठेवण्यासाठी. उत्पादनाचा लाभ एकाच्या पदरात पडतो आणि त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा समाजाच्या, विशेषतः दुबळ्यांच्या, माथी मारला जातो, हे त्याचे प्रतिपादन होते. वणव्याच्या बाबतीत हा खर्च कोणाच्या माथी बसतो हे ढिवरांच्या वस्तीत जाऊन पाहावे.

परंतु सरकारला जंगलाची किंमत काढता येत नाही असे मात्र कोणी समजू नये. खाणीसाठी, धरणासाठी वा रस्त्यासाठी वनजमीन द्यावयाची असते तेव्हा 'निव्वळ वर्तमान मूल्य' वसूल केले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेले त्याचे दर, जंगलाच्या प्रतीप्रमाणे, हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ मध्ये ते आणखी वाढविण्यात आले. त्या हिशेबात पाणी, माती, गौण वनोपज, हवा शुद्ध ठेवण्याची सेवा, सर्व काही धरलेले असते. म्हणजे जंगल विकताना त्याची एक किंमत आणि तेच जंगल जळताना दुसरी! केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील वणव्यांचे वार्षिक नुकसान किमान १,१०१ कोटी रुपये धरले होते आणि हा आकडा तोकडा असल्याचेही मान्य केले होते, कारण नोंदीच अपुऱ्या. जागतिक बँकेच्या आकड्यांवर विसंबून राहण्याची आमची परंपरा नाही. पण तिलाही हिशेब अपुरा वाटावा, यावरून त्या हिशेबाची अवस्था कळते.

आणि या हिशेबात माणूस कोठे बसतो?

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा विझविण्यास गेलेले तीन मजूर होरपळून मरण पावले, दोघे भाजून जखमी झाले. वाऱ्याच्या झोताने आग पुन्हा भडकली आणि ते तीत सापडले. ही रोजंदारीवरील माणसे होती. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली तेव्हा सारा देश हळहळला आणि राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. ते योग्यच झाले. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरवाटेवर पदभ्रमणास गेलेल्या वीसहून अधिक तरुण-तरुणींचा वणव्याने बळी घेतला, तेव्हाही हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली आणि वणव्याच्या हंगामात डोंगरवाटांवर जाण्याचे नियम कडक करण्यात आले. तेही योग्य झाले. वाटसरू मेला की वाटेचे नियम बदलतात. वाट राखणारा मेला की काय बदलते, हा प्रश्न कटू वाटेल. पण तो विचारण्याचे काम आपण नाही केले तर कोण करणार?

आग कशी विझविली जाते हे शहरी वाचकास ठाऊक नसते. उपग्रह आग पाहतो; २०१७ पासून भारतीय वन सर्वेक्षणाकडे पूर्वीपेक्षा बारीक आग टिपणाऱ्या उपग्रहाच्या सूचना येतात आणि त्या वनरक्षकाच्या मोबाइलवर पोचतात. हे मोठेच साधन आहे. पण पुढचे सारे पायी. हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपणे, पाठीवर ब्लोअर यंत्र घेऊन पाने उडवीत आगीपुढे मोकळी पट्टी काढणे, गरज पडली तर समोरून उलटी आग लावून दोन्ही आगी एकमेकींस भिडविणे. भर दुपारी, पाण्याच्या एका बाटलीवर, साध्या चपला वा कॅनव्हासचे बूट घालून. हे काम करणारा मजूर हंगामापुरता लावला जातो आणि पावसाळा आला की काढला जातो. जळालेल्या मचाणाला जडसंग्रह नोंदवहीत कायमचा क्रमांक आहे; ते विझविणाऱ्या माणसाला हजेरीपटावर चार महिन्यांची ओळ आहे. (श्रीमंत देशांतही फार वेगळे घडते असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस जळत असताना आघाडीवर शेकडो कैदी लढत होते; त्यांना मिळणारा दिवसाचा मोबदला त्या शहरातील एका साध्या जेवणाच्या किमतीत संपला असता.)

आता आग लावतो कोण? येथे आपल्यातील काही मित्र भाबडेपणा करतात. सरकार म्हणते आदिवासी लावतात, म्हणून आम्ही म्हणावयाचे की आदिवासी कधीच लावीत नाहीत. ही भूमिका टिकणारी नाही. मोहाखालची जमीन स्वच्छ व्हावी, पांढरी फुले पटकन दिसावीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि कधी ती आग हाताबाहेर जाते. हरणांची गळालेली शिंगे शोधण्यासाठी, शिकारीसाठी, कधी वनरक्षकावरील रागापोटी आग लागते. विडीचे थोटूक, महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकमधून फेकलेली सिगारेट आणि सहलीला आलेल्यांची चूलही त्यात येते. पण या शेवटच्यांचा उल्लेख आरोपांच्या यादीत नेहमी तळाशी असतो.

सर्वांत जास्त विचार करावयास लावणारी आग तेंदूची. तेंदूच्या झुडपांची फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी केली, जिला आपल्याकडे खुटकटाई म्हणतात, तर त्यांना कोवळी, मोठी, विडीला योग्य अशी पाने फुटतात. जमिनीवरून आग फिरली तरीही तसाच फुटवा येतो. खुटकटाईला मजुरी द्यावी लागते. काडेपेटीला ती पडत नाही. १९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार राज्याने आपल्या नियंत्रणाखाली घेतला, परंतु व्यवहारात घटकांचे लिलाव होतात आणि ठेकेदाराचा संबंध त्या हंगामापुरता राहतो. ज्याचा संबंध एका हंगामापुरता आहे त्याला पुढच्या वर्षीच्या जंगलाशी काय कर्तव्य? आपल्या मुंशीमार्फत तो कोणाला काय सुचवितो याची नोंद कोठे नसते. काडी ओढणारा हात गावातला असतो, तो पकडला जातो आणि त्याच्यावर १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा नोंदविला जातो. ज्याच्या गोदामात त्या फुटव्याची पाने जातात त्याचे नाव प्रथम माहिती अहवालात येत नाही. ऐन उन्हात सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फळीवर नेणाऱ्या कुटुंबाला वर्षातील रोख उत्पन्नाचा मोठा वाटा याच दोन-तीन आठवड्यांत मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे गावाची कोंडी समजते.

त्या कोंडीत अभयारण्याने भर घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००० च्या आदेशानंतर अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून वाळके लाकूड, गवत आदी काहीही काढण्यास बंदी आली. एखादे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर होताच तेथील तेंदूचा लिलाव थांबतो. २०१३ मध्ये कोक्याच्या परिसरातील गावांपुढे नेमके हेच आले. मोबदल्यात पर्यटन आले. काही तरुण गाईड झाले, काहींनी जिप्सी घेतल्या, ही चांगलीच गोष्ट आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु गाईडची यादी मर्यादित असते आणि तेंदूला सारे गाव जात असे, म्हाताऱ्या बायकांसकट. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात जास्तीत जास्त एकपंचमांश भागात पर्यटन चालावे असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा २०१२ चा दंडक आहे. म्हणजे उरलेल्या चारपंचमांश रानाकडे आणि अभयारण्याबाहेरील प्रादेशिक वनांकडे पाहावयास ना पर्यटकाचे डोळे, ना त्याच्या पैशातून लागलेला मजूर. सफारीचा रस्ता आग अडविणारी पट्टी म्हणूनही उपयोगी पडतो, म्हणून तो दर वर्षी नीट राखला जातो. बाकीच्या जाळरेषा निधीची वाट पाहत गवताने भरून जातात.

१९२७ च्या कायद्याच्या ७९ व्या कलमाकडे कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहावे. वनात हक्क उपभोगणाऱ्याने किंवा वनोपज नेण्याची परवानगी असलेल्याने आगीची खबर देणे व ती विझविण्यास मदत करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. इंग्रजांनी केलेला हा कायदा वसाहतवादी खरा. पण कर्तव्य हे हक्काशी जोडलेले असते इतके भान त्यालाही होते. आज हक्क काढून घेतला आणि कर्तव्याची अपेक्षा मात्र शिल्लक ठेवली. गावकरी आग विझवावयास येत नाहीत, ही तक्रार मग कोणत्या तोंडाने करावयाची?

हक्क दिल्यावर काय होते याची साक्ष दूर शोधावी लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतील मेंढा-लेखास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला तो मिळाला तेव्हा त्या ग्रामसभेने तेंदूची तोडणी बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण तीत झुडपांची छाटणी आणि आगी आल्याच. त्यांनी बांबूवर भर दिला. गरीब माणसांनी स्वतःचे रोख उत्पन्न स्वतःहून सोडले. एका हंगामाच्या ठेकेदाराच्या जागी कायमची मालकी आली की हिशेबाची मुदत बदलते, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असे आम्ही म्हणत नाही. खुटकटाईची मजुरी देऊन आग टाळता येते आणि मोहाखाली जाळी पसरून फुले गोळा करता येतात, तशी ती छत्तीसगडमध्ये गोळा केली जात आहेत. जाळीला पैसे लागतात. ते गावाकडे नसतात.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक आग शत्रू नव्हे. कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरातील सोलिगांचे म्हणणे आहे की ते पूर्वी हंगामाच्या आरंभी, जमीन ओलसर असताना, हलकी आग फिरवीत. ती बंद पडल्यावर घाणेरीने जंगल व्यापले. त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, असू द्यावेत. वनखाते स्वतः जाळरेषा जाळतेच. प्रश्न आग कोणाच्या देखरेखीखाली, केव्हा आणि कोणासाठी, हा आहे, आणि त्यावर गावातील वृद्धांचे अनुभव दप्तरात नोंदले जावयास हवेत.

भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार येथे नाही. जो आहे तो वनहक्क कायद्याचा, आणि तो अभयारण्यातही लागू आहे. साकोली, लाखनी, भंडारा, तुमसर, पवनी या तालुक्यांतील आपल्या शाखांनी येत्या जानेवारीत, म्हणजे हंगामापूर्वी, जंगलाकाठच्या गावांत ग्रामसभा मागाव्यात. सामूहिक दावा दाखल नसेल तर तो तयार करावयास घ्यावा. अडकला असेल तर कोणत्या समितीकडे आणि किती काळ, हे लेखी विचारावे. हंगामी मजुरांची नावे व मिळालेली मजुरी यांची यादी गावातच करावी आणि त्यांचा विमा उतरविला आहे काय, बूट व संरक्षक कपडे मिळाले आहेत काय, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस माहितीच्या अधिकाराखाली विचारावे. व्याघ्रप्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे प्रवेशशुल्काचे जे उत्पन्न जमा होते त्यातून मोहाच्या जाळ्या, खुटकटाईची मजुरी आणि बारमाही अग्निरक्षकांचे वेतन यांसाठी किती रक्कम जाते, हा दुसरा अर्ज. आणि आग लागलीच, तर पंचनाम्याच्या वेळी ग्रामसभेचे दोन प्रतिनिधी, त्यांतील एक मोह वेचणारी स्त्री, हजर राहतील आणि 'पालापाचोळा' या शब्दावर सही करण्यापूर्वी त्याखाली किती रोपे, किती चारा आणि कोणत्या तलावाचा उतार होता हे लिहून घेतील, असा ठराव त्याच सभेत मंजूर करून त्याची प्रत उपवनसंरक्षकांकडे पाठवावी.